तबकडीतला पोटखराबा



सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पोटखराबा म्हणून एक नोंद असते. गट एकच, बांध एकच, पण त्यातले चार-दोन गुंठे असे असतात की तिथे नांगर लागत नाही. कुठे खडक वर आलेला असतो, कुठे नाल्याने जमीन खाल्लेली असते. तो तुकडा शेतातून उचलून बाहेर टाकता येत नाही. तो नोंदवून ठेवायचा, त्याच्या कडेने औत वळवायचे आणि उरलेली जमीन कसायची. संगणकातल्या हार्ड डिस्कची गोष्ट पुष्कळशी अशीच आहे. तिच्यातही पोटखराबा असतो, त्याला बॅड सेक्टर म्हणतात. तो ओळखायचा कसा आणि त्याला वळसा घालून काम कसे चालवायचे, हे मी आज सांगणार आहे. पण एक फरक पहिल्यानेच ध्यानात घ्यावा. शेतातला खडक आपल्या आजोबांच्या वेळी होता तेवढाच आजही असतो. डिस्कमधला पोटखराबा मात्र वाढतो, आणि कधी कधी एका रात्रीत सगळे शेतच खाऊन टाकतो.

आज खेड्यापाड्यांतल्या शाळांतून, दूधसंस्थांतून, सोसायट्यांतून संगणक आहेत. त्यांतले कित्येक जुने आहेत आणि त्यांत ही फिरत्या तबकडीची डिस्क आहे. शाळेचे जनरल रजिस्टर कागदावर कपाटात असते आणि सरकारला द्यायची माहिती सरकारकडे गेलेली असते. तेव्हा त्यांची काळजी थोडी कमी. पण गुरुजींनी दहा वर्षे जमवलेल्या प्रश्नपत्रिका, निकालाचे तक्ते, गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून मुलांनी उतरवून आणलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, स्नेहसंमेलनांचे फोटो, हे सगळे बहुधा त्या एकाच डिस्कवर असते. ज्या आजीने ओवी म्हटली ती आता नसेल, तर ती ओवी दुसऱ्यांदा कोठून आणणार?

आता डिस्कच्या पोटात काय असते ते पाहू. ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या एक वा अनेक गुळगुळीत तबकड्या एका आसावर बसवलेल्या असतात आणि त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. टेबलावरच्या संगणकात ह्या तबकड्या बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्या वेगात साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीचा काठ ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावत असतो. तिच्यावरून वाचणारे-लिहिणारे हेड तबकडीला टेकत नाही. दहा नॅनोमीटरहूनही कमी उंचीवरून ते तरंगत असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस ह्या फटीच्या हजारोपट जाड असतो. धुळीचा कण आत गेला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

तबकडीवर वर्तुळाकार वाटा असतात आणि प्रत्येक वाटेचे लहान लहान वाफे पाडलेले असतात. हा वाफा म्हणजेच सेक्टर. पुष्कळ वर्षे एका सेक्टरमध्ये ५१२ बाईट, म्हणजे इंग्रजी लिपीतली ५१२ अक्षरे मावत; २०११ सालापासून नव्या डिस्कमध्ये ४,०९६ बाईटचा मोठा वाफा रूढ झाला. पण मोजणी अजूनही अनेकदा ५१२ च्या हिशेबानेच करतात. त्या हिशेबाने एक टेराबाईटच्या डिस्कवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. एकशे पंच्याण्णव कोटींहून अधिक वाफे! १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली डिस्क बाजारात आणली तेव्हा दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या मिळून ५० लाख अक्षरे मावत होती. इतक्या कोटी वाफ्यांत काही वाफे अगदी कारखान्यातूनच नापीक निघणार, ह्यात नवल ते काय?

आणि तसे ते निघतातच. १९८० च्या सुमारास सीगेट कंपनीने पाच मेगाबाईटची लहान डिस्क काढली. त्या काळातल्या डिस्कच्या पाठीवर कागदाची एक चिठ्ठी डकवलेली असे. कोणत्या तबकडीच्या कोणत्या बाजूला, कितव्या वाटेवर दोष आहे, ह्याची ती यादी. डिस्क विकत घेणाऱ्याने ती यादी स्वतः संगणकात भरायची आणि तेवढ्या जागा वगळायच्या, असा रिवाज होता. म्हणजे तलाठ्याचे काम मालकालाच करावे लागे. पुढे डिस्कच्या आतच एक छोटा कारकून बसवला गेला. कारखान्यातले दोष तो आपल्याला कळूही देत नाही. शिवाय त्याच्याजवळ राखीव वाफ्यांचा साठा असतो. एखादा सेक्टर पुढे खराब झाला तर तो त्याच्या जागी राखीव वाफा देतो आणि आपल्या वहीत नोंद करतो की अमुक क्रमांकाचा माल आता तमुक ठिकाणी ठेवला आहे. आपल्याला क्रमांक तोच दिसतो.

मग अडचण कोठे येते? ती वाचण्याच्या वेळी येते. प्रत्येक सेक्टरमध्ये मजकुराबरोबर काही जादा अंक लिहिलेले असतात. गणिताचा आपण ताळा करून पाहतो ना, तसाच हा ताळा. वाचलेला मजकूर ताळ्याशी जुळला की ठीक. थोडीशी चूक असेल तर त्या जादा अंकांवरून ती दुरुस्तही होते. पण चूक मोठी असेल तर कारकुनाची पंचाईत होते. मजकूर वाचता आलाच नाही तर राखीव वाफ्यात टाकणार काय? म्हणून तो पुन्हा वाचून पाहतो, पुन्हा पाहतो, हेड जरा इकडे-तिकडे सरकवून पाहतो. ह्यात कित्येक सेकंद जातात, आणि तेवढा वेळ तुमचा संगणक नुसता थिजून बसतो. लोक म्हणतात, संगणक हळू झाला, व्हायरस आला असेल. पुष्कळ वेळा व्हायरस वगैरे काही नसते. डिस्क बिचारी एकाच वाफ्यापुढे अडून बसलेली असते. शेवटी ती हात टेकते, वाचता येत नाही म्हणून सांगते आणि तो सेक्टर प्रलंबित यादीत टाकते. त्या जागी पुढे नवे काही लिहायची वेळ आली म्हणजे निकाल लागतो. नवा मजकूर नीट उमटला तर प्रलंबित यादीतून नाव काढायचे, न उमटला तर राखीव वाफा द्यायचा.

इथे खेड्यातल्या श्रोत्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नीट न वाचला जाणारा प्रत्येक सेक्टर मेलेला नसतो. लिहिण्याच्या ऐन क्षणी वीज गेली तर मजकूर अर्धा नवा, अर्धा जुना राहतो आणि ताळा जुळत नाही. थर शाबूत आहे, पण लिखाण अर्धवट आहे. असा सेक्टर पुन्हा लिहिला की चांगला होतो. जिथे दिवसातून चार वेळा वीज जाते आणि संगणकाला बॅटरीचा आधार नाही, तिथे असे सेक्टर आढळणारच. पण हेडचा धक्का लागून थर खरवडला गेला असेल तर मात्र काही उपाय नाही. चालू डिस्कला धक्का बसला, टेबल हलले, लॅपटॉप आपटला म्हणजे हे घडते. खरवडलेल्या थराचे कण आतच फिरत राहतात आणि दुसऱ्या जागा खरवडतात. तो पोटखराबा वाढतो म्हणून मी म्हटले, ते ह्यामुळे.

आता ओळखायचे कसे? त्या कारकुनाची वही आपल्याला वाचता येते. तिला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. विंडोज असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम ती दाखवतो; लिनक्सवर स्मार्टसीटीएल आहे. वहीत पुष्कळ ओळी असतात, त्यांतल्या बहुतेक आपल्या उपयोगाच्या नाहीत. चारच ओळी पाहाव्यात. क्रमांक ५ ची ओळ किती सेक्टरना बदली जागा दिली ते सांगते. १९७ ची ओळ प्रलंबित किती ते सांगते. १९८ मध्ये डिस्कने आपणहून केलेल्या तपासणीत वाचता न आलेले सेक्टर असतात. आणि १९९ म्हणजे डिस्क व संगणक यांच्यामधल्या केबलमध्ये झालेल्या चुका. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे, कारण पुष्कळ चांगल्या डिस्क केवळ सैल झालेल्या केबलपायी भंगारात गेल्या आहेत. १९९ चा आकडा वाढत असेल आणि बाकीचे तीन शून्य असतील तर शे-दोनशे रुपयांची केबल बदलून पाहावी. तो आकडा मागे येत नाही. पुढे जायचा थांबला की झाले.

शिक्षकांसाठी एक खुलासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे क्रमांक षोडशमान पद्धतीत दाखवतो. त्यामुळे १९७ च्या जागी ‘सी५’, १९८ च्या जागी ‘सी६’ आणि १९९ च्या जागी ‘सी७’ असे दिसेल. पुढचे आकडेही त्याच पद्धतीत असतात, म्हणजे १० दिसले तर ते सोळा समजावेत. हवे तर मांडणी बदलून दशमान करता येते. आठवी-नववीच्या मुलांना स्थानिक किंमत शिकवायला ह्याहून चांगले उदाहरण सापडायचे नाही.

वहीत काही आढळले म्हणजे बिघडलेली जागा नेमकी कोठे आहे हे शोधावेसे वाटते. त्याचे मार्ग आहेत. डिस्कची स्वतःची लांब चाचणी आहे. बहुधा पहिला न वाचता येणारा सेक्टर लागला की ती थांबते आणि त्याचा क्रमांक सांगते. लिनक्सवर बॅडब्लॉक्स नावाचा प्रोग्राम सगळा पृष्ठभाग ओळीने वाचत जातो आणि क्रमांकांची यादी देतो. विंडोजमध्ये चेकडिस्कला ‘आर’ हे अक्षर जोडून आज्ञा दिली की तोही सगळी डिस्क तपासतो. चांगल्या स्थितीतली एक टेराबाईटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाईट वेगाने वाचली तरी पावणेतीन तास लागतात. बिघडलेली असेल तर दिवसही मोडेल.

आणि नेमके इथेच मी तुम्हाला थांबवणार आहे. शोध घेण्याआधी, दुरुस्तीच्या आधी, मजकूर बाहेर काढा. घराला वाळवी लागली असे कळले तर आपण आधी धान्य बाहेर काढतो. वाळवी कोठकोठे पोचली हे मागाहून बघतो. पृष्ठभागाची पूर्ण तपासणी म्हणजे आजारी बैलाला धावडवण्यासारखे आहे. तो पडायचा असेल तर तेव्हाच पडेल. चेकडिस्क तर त्याहूनही वाईट. तो नुसता वाचत नाही, डिस्कवर लिहितोही. खाती सारखी करता करता जे तुकडे त्याला जुळत नाहीत ते तो कापून टाकतो, आणि जी फाईल कुशल हाताने वाचवता आली असती ती कायमची जाते. बॅडब्लॉक्सलाही एक लिहून तपासण्याची तऱ्हा आहे, ती सगळी डिस्क पुसून टाकते. नुसता प्रोग्राम हाती आला म्हणून तो चालवू नये.

ही भीती अनाठायी नाही. २००७ साली गूगल कंपनीच्या तीन संशोधकांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याचा संभव, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असतो, असे त्यांना दिसले. सेक्टरना बदली जागा द्यायला सुरुवात झाली की हाच संभव १४ पट. ह्याचा अर्थ असा नव्हे की प्रत्येक डिस्क दोन महिन्यांत जातेच, पुष्कळ टिकतातही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या वहीत ह्या मुख्य खुणांपैकी एकही नव्हती. म्हणजे वहीत खूण दिसली तर घाबरावे हे खरे, पण खूण नाही म्हणून निर्धास्त राहण्याची सोय नाही.

तर मजकूर काढायचा कसा? डिस्क अजून उघडत असेल, फक्त अधूनमधून अडखळत असेल, तर जे दुसरीकडे कोठेही मिळणार नाही ते आधी घ्यावे. ओव्यांचे ध्वनिमुद्रण आधी, सिनेमे मागाहून. विंडोज स्वतःच त्या डिस्कवर असेल तर तिच्यावरून संगणक सुरू करू नये, कारण विंडोज चालू असताना ते सारखे काही ना काही लिहीत असते. पेन ड्राईव्हवरून लिनक्स सुरू करावे, किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी. काढलेला मजकूर त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी धान्य वाळवीच्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेले, एवढेच झाले.

डिस्क फारच अडत असेल तर एक उत्तम साधन आहे. त्याचे नाव डीडीरेस्क्यू. ते लिनक्सवर चालते आणि फुकट आहे. साधी नक्कल करणारा प्रोग्राम पहिल्या बिघडलेल्या जागेपाशी अडून बसतो. समजा एका सेक्टरपाशी पाच सेकंद गेले आणि असे दहा हजार सेक्टर आहेत, तर जवळजवळ चौदा तास नुसते नादुरुस्त जागेवर डोके आपटण्यात जातील आणि पलीकडची चांगली जमीन तशीच राहील. डीडीरेस्क्यू तसे करीत नाही. तो एखाद्या शहाण्या गड्यासारखा आहे. पहिल्या फेरीत जे सहज निघते ते सगळे काढून घेतो. अडथळा आला की पुढे उडी मारतो. मग उलट बाजूने येऊन त्या वगळलेल्या जागांच्या कडा कोरतो आणि अगदी शेवटी मधल्या एकेका सेक्टरला हात घालतो. काय निघाले, काय राहिले ह्याचा नकाशा तो एका वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. वीज गेली, डिस्क तापली, काही झाले तरी दुसऱ्या दिवशी नकाशा पाहून तिथूनच काम पुढे सुरू होते. म्हणून हा नकाशा ठेवायला विसरू नये आणि तोही चांगल्या डिस्कवर ठेवावा. आज्ञा देताना कोणती डिस्क देणारी आणि कोणती घेणारी हे दोनदा वाचून पाहावे. उलट झाले तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरल्या डिस्कवर होईल. घेणारी डिस्क देणारीइतकी तरी मोठी हवी, आणि तिच्यावर आधीचे काही असेल तर ते जाणार.

जे सेक्टर शेवटपर्यंत निघाले नाहीत, त्यांच्यामुळे कोणत्या फाईली बिघडल्या हे कळायचे कसे? त्यासाठी डीडीरेस्क्यूला सांगता येते की नकलेतल्या त्या रिकाम्या जागी एखादा ठरावीक शब्द भरून टाक. मग सगळ्या फाईलींत तो शब्द शोधावा. ज्या फाईलीत सापडेल तिला भोक पडले आहे. फोटोत एखादा पट्टा करडा येईल, ध्वनिमुद्रणात क्षणभर खरखर ऐकू येईल. तेवढे चालून जाते. निकालाच्या तक्त्यात भोक पडले असेल तर मात्र मूळ कागद शोधायला हवेत.

मजकूर सुखरूप एका जागी, आणि जमले तर दोन जागी, ठेवून झाला म्हणजे त्या डिस्ककडे मोकळ्या मनाने वळावे. आता शोध, तपासणी, जे हवे ते करा.

पहिला उपाय म्हणजे सगळी डिस्क शून्यांनी भरून काढायची. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये साधा पूर्ण फॉरमॅट हे काम करतो. झटपट फॉरमॅट करीत नाही. सगळीकडे नवे लिहिले गेले की प्रलंबित सेक्टरांचा निकाल लागतो. मग वही पाहावी. १९७ शून्यावर आला आणि ५ चा आकडा हललाही नाही, तर ती वीज जाऊन झालेली खोटी खोट होती. डिस्क बहुधा चांगली आहे. ५ चा आकडा पाच-दहाने वाढला आणि तिथेच थांबला, तर तेवढी जमीन खरोखर गेली होती आणि तिच्या बदली दुसरी मिळाली. आठवड्याने पुन्हा पाहावे. आकडा पुन्हा वाढला असेल तर त्या डिस्कची आशा सोडावी.

दुसरा उपाय फाईलींच्या खात्यात नोंद करण्याचा, म्हणजे खरा पोटखराबा लिहिण्याचा. डिस्कजवळचे राखीव वाफे संपले असतील तर ह्याचा उपयोग. जुन्या फॅट पद्धतीत खात्यात त्या जागेपुढे एक ठरावीक आकडा लिहितात, तो पाहिला की तिथे कोणी काही ठेवीत नाही. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत मोठी गंमत आहे. तिथे बॅडक्लस नावाची एक काल्पनिक फाईल असते आणि सगळ्या नापीक जागा तिच्या नावावर चढवतात. खातेदार अस्तित्वात नाही, पण जमीन त्याच्या नावावर, त्यामुळे दुसरा कोणी ती मागत नाही! चेकडिस्क हेच करतो, आणि आता मजकूर बाहेर असल्याने त्याला करू द्यायला हरकत नाही. मात्र अशी नोंद असलेल्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर केली तर पोटखराब्याच्या नोंदीही तशाच येतात, आणि नवी कोरी जमीन कागदोपत्री नापीक ठरते. तिथे चेकडिस्कला ‘बी’ अक्षर जोडून फेरमोजणी करवून घ्यावी.

तिसरा उपाय मला सर्वांत शेतकऱ्याच्या मनाजोगता वाटतो. बिघाड सगळीकडे विखुरलेला नसून एकाच पट्ट्यात असेल, तर तो पट्टा सोडून दोन्ही बाजूंना वेगळे भाग पाडायचे. हिशेब सोपा आहे. समजा ५०० गिगाबाईटच्या डिस्कवर ६० कोटी क्रमांकाच्या आसपास बिघडलेले सेक्टर आहेत. ६० कोटी गुणिले ५१२ म्हणजे ३०,७२० कोटी बाईट, म्हणजेच डिस्कच्या आरंभापासून सुमारे ३०७ गिगाबाईटवर. पण इथे एक खाच आहे. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीने. म्हणून ५०० ची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, आणि आपली ३०७ वरची जागा तिथे २८६ वर येते. हा फरक विसरला तर भाग नेमका खड्ड्यावरच पडेल. तेव्हा विंडोजच्या मोजणीने पहिला भाग २७० पर्यंत करावा, ३०० पर्यंतची जागा तशीच पडीक ठेवावी आणि तिथून पुढे दुसरा भाग घ्यावा. दोन्ही बाजूंना एवढे अंतर कशाला, असे वाटेल. वाळवी लागलेले लाकूड कापताना आपण पोखरलेल्या जागेच्या थोडे पुढे कापतो, तेच कारण. बिघडलेल्या क्रमांकांची यादी काढल्यावर ते डिस्कभर विखुरलेले दिसले, तर मात्र पट्टा सोडून भागणार नाही.

अशा डिस्कवर पुढे काय ठेवावे? मुलांना टंकलेखनाचा सराव करायला, दुसरीकडे असलेल्या मजकुराची जादा प्रत ठेवायला ती चालेल. जिची दुसरी प्रत नाही अशी एकही फाईल तिच्यावर असू नये.

बाजारात ‘बॅड सेक्टर दुरुस्त करून मिळतील’ अशा पाट्या दिसतात. खरवडलेला थर कोणत्याही प्रोग्रामने पुन्हा येत नाही. वर सांगितले तेच पुन्हा लिहिणे, बदली जागा देणे किंवा जागा वगळणे हेच ते करून देतात. त्याचे पैसे द्यायला हरकत नाही, पण ‘दुरुस्त’ ह्या शब्दावर विसंबून शाळेचे काम तिच्यावर पुन्हा चढवू नये. डिस्कमधून ठराविक तालात टकटक असा आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा हेडच बिघडलेले असण्याचा संभव मोठा. संगणक ताबडतोब बंद करावा, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. मजकूर फार मोलाचा असेल तर धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी. ते काम महाग असते. घरी झाकण उघडू नये. डिस्क शीतकपाटात ठेवली की चालते असा एक तोडगा लोक सांगतात. बाहेर काढताच थंड तबकडीवर दव धरते आणि उरलीसुरली आशाही जाते.

नव्या संगणकांत पुष्कळदा एसएसडी असते. तिच्यात तबकडीही नाही आणि हेडही नाही, त्यामुळे तिच्या झिजण्याची तऱ्हा अगदी निराळी आहे आणि वहीतले आकडेही वेगळ्या अर्थाने वाचावे लागतात. पट्टा सोडून भाग पाडण्याचा उपाय तिथे लागू नाही, एवढेच आज सांगतो.

ज्यांच्याकडे फिरती डिस्क आहे त्यांनी महिन्याच्या एक तारखेला, हजेरीची बेरीज करतात त्याच दिवशी, ते चार आकडे कागदाच्या एका वहीत टिपून ठेवावेत. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. मागच्या महिन्याशेजारी तो मांडला म्हणजे त्याला अर्थ येतो. हे काम वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलीकडे द्यावे. आकडा हलला तर ती तुमच्याआधी ओरडेल.

आणि डिस्क अखेर मेलीच, तिच्यावर खाजगी असे काही नसेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. विज्ञानाच्या तासाला उघडा. झाकणाच्या स्क्रूंना तारकेसारखे डोके असते, त्याचा वेगळा पेचकस लागतो. आत आरशासारखी तबकडी दिसेल. हेडने खरवडले असेल तर त्या आरशावर वर्तुळाकार ओरखडाही दिसेल, म्हणजे मुलांना पोटखराबा डोळ्यांनी पाहता येईल. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते, ती वाकवू नये. फुटली तर तिचे बारीक तुकडे उडतात. आणि हेडच्या मुळाशी जी दोन लहानशी चुंबके असतात ती इतकी जोरकस असतात की मध्ये बोट सापडले तर कातडी सोलून निघते. तेवढी गुरुजींनी आपल्या हाताने काढावीत.